न तपासलेली वही

मुलाची प्रगती शाळेने सांगायची आणि पालकांनी ऐकायची, अशी आपल्या समाजात समजूत होऊन बसली आहे. गणितात तर गुणपत्रिकेवरचा आकडा पाहिला की आम्ही मोकळे. बाबासाहेबांच्या बालपणी हा मार्गच बंद होता. साताऱ्याच्या शाळेत ते घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. काही शिक्षक विटाळाच्या भीतीने त्यांच्या वहीला हात लावीत नसत, प्रश्नही विचारीत नसत. मग मुलाला काय उमगले, कुठे अडले, हे गुरुजींना कळावे कसे? पाण्याच्या विटाळाविषयी आम्ही पुष्कळ बोलतो, वहीच्या विटाळाविषयी फारसे बोलत नाही.

ही उणीव घराने भरून काढली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. असा बाप सर्वांना मिळत नाही, हे खरेच. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला लवकर निजवून ते स्वतः जागत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी त्यांनी विवाहित लेकींकडून उसने घेतले, त्यांचे दागिनेही गहाण टाकले.

पुढे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी गलका केला. डबे हलले, मगच खडू हाती आला.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुणांनी. आजचा पालक हा आकडा पाहून कपाळाला हात लावील. त्याच विद्यार्थ्याचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहायला सुभेदार नव्हते. १९१३ सालीच ते गेले.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सरकारपुढे हिशेब ठेवला: प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत १८ च पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ शिक्षकावर प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासण्याचे आणि पालकांना नियमित भेटून प्रगती सांगण्याचे कर्तव्य टाकते. आमच्या वस्त्यांत हे किती जणांना ठाऊक आहे? पालकसभेत नुसती सही करून परतू नका, वही मागा. हातच्याचा एक कुठून आला, हे मुलाला घरी सांगायला लावा. बाजारात भाजी विकणाऱ्या आमच्या निरक्षर मायमाउलीलाही त्याचे उत्तर बरोबर की चूक, हे लगेच कळते.