पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचा हिशेब

१९११ साली खनिजांच्या शोधात मोझांबिकमध्ये गेलेला आर्थर होम्स हा इंग्रज तरुण मलेरियाने इतका खंगला की, त्याच्या मृत्यूची तार मायदेशी रवाना झाली. सुदैवाने ती वार्ता खोटी ठरली. होम्स वाचले आणि पुढे भूशास्त्रातील दोन मूलभूत प्रश्नांना त्यांनी हात घातला. पृथ्वीचे वय किती आणि तिच्या पोटातील उष्णता नेमके काय काम करते, हे ते दोन प्रश्न होत.

होम्स यांचा जन्म १४ जानेवारी १८९० रोजी इंग्लंडच्या ईशान्य भागातील गेट्सहेड परिसरात, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. त्यांच्या बालपणी लॉर्ड केल्विन यांच्या मताचा दबदबा होता. तप्त गोळा थंड होण्यास लागणाऱ्या काळावरून केल्विन यांनी पृथ्वीचे वय दोन ते चार कोटी वर्षे इतकेच ठरविले होते. मात्र खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांपासून सतत उष्णता निर्माण होते हे विसाव्या शतकाच्या आरंभी उघड झाले आणि या गणिताचा पायाच डळमळला.

लंडनला भौतिकशास्त्र शिकण्यासाठी गेलेले होम्स तेथे भूशास्त्राकडे वळले. युरेनियमचे ठरावीक गतीने शिशात रूपांतर होते. या दोहोंच्या प्रमाणावरून त्यांनी १९११ मध्ये नॉर्वेतील एका खडकाचे वय ३७ कोटी वर्षे ठरविले, तर श्रीलंकेतील एका खडकाचे वय १६४ कोटी वर्षे निघाले. १९१३ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, पृथ्वीच्या वयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अनेक ज्येष्ठ भूवैज्ञानिकांना मात्र हे आकडे अविश्वसनीय वाटले.

विद्येने कीर्ती दिली, तरी पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. १९२० मध्ये ते पत्नी व लहानग्या मुलासह ब्रह्मदेशात एका तेल कंपनीच्या नोकरीवर गेले. कंपनी बुडाली, पगार थकले आणि तीन वर्षांचा मुलगा आमांशाने दगावला. रिकाम्या हातांनी परतलेल्या होम्स यांना १९२४ मध्ये डरहॅम विद्यापीठात भूशास्त्र विभाग उभारण्याची संधी मिळाली.

डरहॅममध्येच त्यांनी दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वळविले. भूखंडे एकमेकांपासून दूर सरकली, हा आल्फ्रेड वेगेनर यांचा सिद्धान्त त्या काळी उपहासाचा विषय होता, कारण भूखंडे हलविणारे बळ त्यांना दाखविता आले नव्हते. होम्स यांनी ते बळ किरणोत्सारी उष्णतेत शोधले. चुलीवरील भांड्यात तळाचे तापलेले पाणी वर येते, बाजूंना पसरते आणि थंड होऊन खाली जाते. तसेच अतिमंद प्रवाह भूकवचाखालील खडकांतही वाहत असावेत, वर येणारा प्रवाह भूखंडाला दुभंगून दोन्ही बाजूंना ओढत असावा आणि मधल्या जागेत बेसॉल्टचा शिलारस येऊन नवा सागरतळ घडत असावा, असा तर्क त्यांनी मांडला. हा निबंध १९३१ मध्ये ग्लासगोच्या भूवैज्ञानिक संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. ज्या किरणोत्साराने त्यांना खडकांचे वय मोजणारे घड्याळ दिले, त्यानेच भूखंडे हलविणारे इंजिनही दिले.

पुरावा मात्र हाती नव्हता, कारण महासागरांचा तळ तेव्हा जवळपास अज्ञातच होता. होम्स यांना स्वतःलाही याची जाणीव होती. भूखंडे सरकतात या कल्पनेविषयीची शंका आपल्या मनातून पुरती गेलेली नाही, अशी कबुली त्यांनी १९५३ मध्ये दिली. तरीही १९४४ साली आलेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्यांनी या विचाराला स्थान दिले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर सागरतळाचे नकाशे तयार होऊ लागले आणि महासागरांच्या मधोमध पसरलेल्या हजारो किलोमीटर लांबीच्या पर्वतरांगा समोर आल्या. याच रांगांवर नवा सागरतळ जन्मतो, असे अमेरिकी भूवैज्ञानिक हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये प्रतिपादन केले. होम्स यांच्या तर्कात काही उणिवा होत्या. पण खोलवरचा तप्त खडक वर येतो, हे मर्म अचूक होते. आता त्यामागची प्रक्रियाही स्पष्ट झाली आहे. त्या रांगांखाली खडक वितळतो, तो खालून अधिक तापविल्यामुळे नव्हे. भूपट्ट दुरावले की प्रावरणातील पेरिडोटाइट हा खडक घन अवस्थेतच वर सरकतो. वर येताना तो किंचित थंडच होतो. परंतु त्याच्यावरील दाब घटत गेल्याने त्याचा द्रवणांक त्याहून वेगाने खाली येतो. दाबाखालील कुकरचे झाकण एकदम उघडल्यास आतले पाणी नव्या आचेविनाच उसळते, तसाच हा प्रकार. साधारण साठ-सत्तर किलोमीटर खोलीपासून खडकाचा थोडा भाग वितळू लागतो. हलका शिलारस वर चढतो, थिजतो आणि सुमारे सात किलोमीटर जाडीचे सागरी कवच तयार होते. या कवचाचा वरचा थर बेसॉल्टचा असतो. सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसॉल्टच, आणि त्याचाही उगम प्रावरणातच.

१९४३ पासून होम्स एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक होते. १९५६ मध्ये त्यांना वोलास्टन पदक व १९६४ मध्ये व्हेटलसन पारितोषिक मिळाले. १९६५ मध्ये त्यांच्या पाठ्यपुस्तकाची विस्तारित आवृत्ती बाहेर पडली आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत भूपट्ट सिद्धान्त जगन्मान्य झाला. तो विजय पाहण्यास होम्स नव्हते. परंतु पुरावा नसतानाही तर्काची वाट न सोडण्याचे आणि स्वतःच्या शंकाही न लपविण्याचे त्यांचे धैर्य त्या विजयाच्या मुळाशी होते.