उंचीच्या आड

लॉस एंजल्सचं १९८४ चं ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला पी. टी. उषा आठवते आणि तिचं शतांश सेकंदानं हुकलेलं पदक. साहजिकच आहे. पण त्याच ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलच्या मैदानावर सहा फूट पाच इंच उंचीची फ्लो हायमन खेळत होती. तिच्या संघानं अंतिम सामन्यात चीनकडून हार खाल्ली खरी, पण अमेरिकी महिलांना या खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक, रौप्य, मिळालं ते तेव्हा. पुढच्या दीड वर्षात फ्लो गेली. वय अवघं ३१.

तिचा जन्म १९५४ चा, कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडचा. आठ भावंडांचं घर. बाराव्या वर्षीच ती सहा फुटांची झाली होती. वाढत्या मुलीची उंची हा आपल्याकडेही घराघरांतला काळजीचा विषय असतो, अर्थात लग्नाच्या बाजारामुळे! फ्लोलाही लहानपणी या उंचीचा संकोच वाटे. व्हॉलीबॉलनं तो घालवला. ह्यूस्टन विद्यापीठाची खेळाची शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली मुलगी. पण पदवी अर्धवट सोडून ती राष्ट्रीय संघात गेली. १९७६ च्या ऑलिंपिकसाठी संघ पात्र ठरला नाही आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेनं बहिष्कार टाकला. ऐन उमेदीची दहा वर्षं एका स्पर्धेची वाट पाहण्यात घालवायची आणि तरी कडवट व्हायचं नाही, हे मला तिच्या पदकाहून मोठं वाटतं. मी बँकेत होतो. एक बढती हुकली म्हणून वर्षभर तोंड पाडून बसणारी माणसं मी पाहिली आहेत.

ऑलिंपिकनंतर ती जपानला गेली आणि डायेई या व्यावसायिक संघाकडून खेळू लागली. २४ जानेवारी १९८६ ला मात्सुए शहरात हिताची संघाशी सामना होता. तिसऱ्या डावात तिला नेहमीप्रमाणे बदली खेळाडूसाठी बाहेर बोलावलं. बाकावर बसूनही ती सहकाऱ्यांना हुरूप देत होती आणि तशीच खाली कोसळली. त्याच संध्याकाळी ती गेली.

हृदयविकाराचा झटका, असं आधी सगळ्यांनी धरून चाललं. घरच्यांनी मात्र शवविच्छेदनाचा आग्रह धरला. त्यातून कळलं की तिचं हृदय ठणठणीत होतं. फाटली होती ती महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघून सर्व शरीराला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी. एक लहानशा नाण्याएवढी जागा जन्मापासूनच कच्ची होती. तिथे सुमारे तीन आठवड्यांपूर्वीची रक्ताची गुठळीही सापडली. आधी एकदा उसवण झाली होती आणि ती भरून येऊ लागली होती. या काळात ती खेळतच होती! हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

या आजाराचं नाव मारफान सिंड्रोम. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मारफान यांनी १८९६ मध्ये लांबसडक बोटांच्या एका लहान मुलीचं वर्णन केलं, त्यांच्यावरून हे नाव पडलं. शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींमधलं फायब्रिलिन हे प्रथिन यात सदोष असतं; त्याचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. साधारण पाच हजारांत एकाला हा दोष असतो आणि आई किंवा वडिलांना असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. हातपाय लांब, दोन्ही हात पसरले तर उंचीहून जास्त भरणारे, कणा वाकडा, छाती आत गेलेली, डोळ्यातलं भिंग सरकलेलं. प्रत्येकात सगळं दिसतंच असं नाही. आणि उंच माणूस म्हणजे मारफान असंही नाही, उगीच घाबरू नये.

धोका असतो तो महारोहिणीचा. हृदयाजवळ ती हळूहळू फुगत जाते, आतला पदर चिरतो आणि रक्त दोन पदरांमध्ये शिरतं. फुगण्याचं दुखणं सहसा जाणवत नाही. इको तपासणीत मात्र माप मिळतं. रक्तदाबाचा जोर कमी करणारी औषधं, जोरकस स्पर्धात्मक खेळ टाळणं आणि रुंदी पाच सेंटिमीटरच्या आसपास गेली की फाटण्याआधीच तो भाग बदलण्याची शस्त्रक्रिया, असा आजचा उपचार आहे. गरोदरपणात जोखीम वाढते, म्हणून त्याआधीच तपासणी हवी. अचानक छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावं.

फ्लोच्या मृत्यूनंतर घरच्यांनीही तपासण्या करून घेतल्या. तिच्या एका भावाला हाच दोष निघाला. त्याच्यावर वेळीच शस्त्रक्रिया झाली आणि तो वाचला.