करिअप्पांची एक निवडणूक

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीविषयी लिही, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. मी एखाद्या संगणकशास्त्रज्ञावर लिहीन असे अनेकांना वाटले असेल. पण डिसेंबरात अलिबागच्या किनाऱ्यावर आपण जमलो होतो, त्या संध्याकाळची चर्चा माझ्या डोक्यातून जात नव्हती. नौदलातून निवृत्त झालेल्या आपल्या वर्गमित्राला एका पक्षाने उमेदवारी देऊ केली आहे. निम्म्या वर्गाचे मत पडले की त्याने जरूर उभे राहावे. उरलेल्यांना वाटत होते, वर्दीच्या माणसाने पक्षाच्या भानगडीत पडू नये. आवाज चढले, भेळ तशीच मऊ पडली. मी त्या दिवशी गप्प बसले होते. माझे उत्तर आज देते आहे, फील्ड मार्शल करिअप्पांच्या आयुष्यातून.

कोदंडेरा मडप्पा करिअप्पांचा जन्म २८ जानेवारी १८९९ रोजी कोडगूमधला. इंदूरच्या कॅडेट कॉलेजातून १९१९ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले आणि सुरुवातीची नेमणूक मुंबईतल्या पलटणीत मिळाली. क्वेट्याच्या स्टाफ कॉलेजात शिकणारे ते पहिले भारतीय अधिकारी, आणि पलटणीचे नेतृत्व मिळालेलेही पहिलेच. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात पश्चिम आघाडी त्यांच्याकडे होती. झोजिला, द्रास, कारगिल परत मिळाले आणि लेहचा रस्ता मोकळा झाला. १५ जानेवारी १९४९ रोजी ते पहिले भारतीय सरसेनापती झाले. शाळेत आपण जो सेनादिन ऐकला, तो हाच दिवस. त्याच वर्षी त्यांनी ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली, ज्यात सर्व जातींचे आणि सर्व प्रांतांचे जवान एकत्र होते. सैनिकाने राजकारणापासून दूर राहावे, हा त्यांचा आग्रह होता.

गंमत अशी, की त्यांना स्वतःला बोलल्याशिवाय राहवत नसे. सरसेनापती असताना त्यांच्या जाहीर वक्तव्यांना खुद्द नेहरूंनी आवर घातला होता. १९५३ मध्ये ते निवृत्त झाले. नंतर त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये उच्चायुक्त म्हणून काम केले. पुढे देशाला शिस्त लावायला काही काळ कडक राजवट हवी, अशी मते ते उघडपणे मांडू लागले. मला ती मुळीच पटत नाहीत. पलटण हुकमावर चालते, गाव हुकमावर चालत नाही.

मग आले १९७१ साल. बहात्तर वर्षांचे करिअप्पा लोकसभेसाठी मुंबईतून उभे राहिले. पाठिंबा शिवसेनेचा होता. दोनच वर्षांपूर्वी सीमाप्रश्नावरून ज्या म्हैसूर राज्याविरुद्ध मुंबई पेटली होती, त्याच राज्यातला हा उमेदवार. इंदिरा गांधींच्या लाटेत ते पडले.

या पराभवाशेजारी मला १९६५ चा एक प्रसंग ठेवावासा वाटतो. त्यांचा वैमानिक मुलगा पाकिस्तानात युद्धकैदी झाला. अध्यक्ष अयूब खान फाळणीपूर्वी करिअप्पांच्या हाताखाली होते. त्यांनी मुलाला सोडण्याची तयारी कळवली. करिअप्पांनी ती नाकारली. सगळेच कैदी आपले मुलगे आहेत, एकट्याला वेगळी वागणूक नको, असे त्यांनी कळवले. त्या दिवशी ते साऱ्या देशाचे होते. १९७१ मध्ये मात्र त्याच आदराच्या बळावर ते एका बाजूसाठी मते मागत होते.

आपण कान्होजी आंग्र्यांच्या गावचे. त्यांच्या काळी आरमार आणि राजकारण एकाच हाती असे. ताराराणींची बाजू सोडून ते शाहू महाराजांकडे आले आणि सत्तेचे पारडे फिरले. लोकशाहीने ते दोन हात वेगळे केले, हे आपले भाग्यच. पण निवृत्त माणूस नागरिक असतो. उभे राहण्याचा हक्क त्यालाही आहे, आणि आपल्या गावाला शिस्तीच्या, हिशेबाला चोख माणसांची गरज आहे.

म्हणून मित्रा, तू जरूर उभा राहा. फक्त एक कर. आम्ही कंपनी सोडतो तेव्हा ओळखपत्र दारावर जमा करतो. तुझा हुद्दा तर जन्मभर तुझ्यासोबत राहणार, म्हणून तो बाजूला ठेवायचे काम तुलाच करावे लागेल. फलकावर वर्दीतला फोटो नको. पिण्याच्या पाण्याचे, कचऱ्याचे, धूप होणाऱ्या किनाऱ्याचे काय करणार ते सांग, आणि कोणी उलट प्रश्न विचारला तर त्याला देशद्रोही ठरवू नकोस. वर्दी सगळ्यांची असते, तुला मत न देणाऱ्याचीही.

१९८६ मध्ये देशाने करिअप्पांना फील्ड मार्शल केले. तेव्हा १९७१ ची निवडणूक कोणी मध्ये आणली नाही. १५ मे १९९३ रोजी बंगळूरला ते गेले. लोकांनी लक्षात ठेवला तो सर्वांचा सेनापती.

तू पडलास तरी पुढच्या मेळाव्याला ये. भेळ माझ्याकडून.