अमेलिया एअरहार्ट: धाडस आणि सराव

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि त्याच्या बटणाला हात लावण्याचा मान एकट्या काकांचा होता. दुपारी पुरुषमंडळी कामावर गेली की आई, काकू आणि शेजारच्या बायका ‘वनिता मंडळ’ ऐकायला जमत. काकांनी सकाळी दुसरे स्टेशन लावून ठेवलेले असले, तर बिचाऱ्या खरखर ऐकत बसत; पण सुई सरकवायला कोणी धजत नसे. एके दिवशी मीच पुढे झाले आणि बटण फिरवले. सुई केसभर सरकली की बोलणे पुसट होई आणि लांबलचक शीळ ऐकू येई. कार्यक्रम संपेपर्यंत मला स्टेशन काही सापडले नाही. संध्याकाळी बोलणी खाल्ली ती विसरले. पण आवाज इथेच कुठेतरी आहे आणि आपल्याला तो पकडता येत नाही, ही हळहळ मनात राहिली.

पुढे अमेलिया एअरहार्टच्या शेवटच्या प्रवासाची हकीकत वाचली तेव्हा तीच शीळ मला पुन्हा ऐकू आली. म्हणून आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त तिचे चरित्र सांगण्याचे मी योजले आहे.

अमेलियाचा जन्म २४ जुलै १८९७ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ॲचिसन या गावी आजोळी झाला. वडील वकील होते, परंतु त्यांना दारूचे व्यसन जडले आणि संसाराची घडी विस्कटली. पोर मात्र मोठी धीट. शेडच्या छपरावरून फळ्यांची उतरण करून, लाकडी खोक्यात बसून ती खाली घसरली होती! पुरुषांच्या मानल्या गेलेल्या क्षेत्रांत नाव काढणाऱ्या स्त्रियांविषयीची वर्तमानपत्रांतील कात्रणे ती जपून ठेवीत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने कॅनडात टोरोंटो येथे जखमी सैनिकांची शुश्रूषा केली.

डिसेंबर १९२० मध्ये कॅलिफोर्नियात ती प्रथम विमानात बसली. ती सफर अवघ्या दहा मिनिटांची होती. पण आपण विमान चालवायला शिकायचे, हे तिने तेव्हाच ठरवले. शिकवणीसाठी पैसे हवेत म्हणून तिने मिळेल ती नोकरी केली. तिची पहिली गुरूही एक स्त्रीच होती, नेटा स्नूक. १९२१ साली अमेलियाने पिवळ्या रंगाचे एक जुने विमान विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी ते १४,००० फूट उंच नेले. तरी पोटासाठी दुसरे काम करावेच लागे. बॉस्टनमध्ये परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांसाठी चालणाऱ्या एका सेवाकेंद्रात ती काम करीत होती.

तेथे असतानाच १९२८ साली अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या एका विमानातून जाण्याची संधी तिला मिळाली. विमान दोन पुरुषांनी चालवले, ती केवळ उतारू होती. परत आल्यावर तिचा सत्कारावर सत्कार झाला, आणि न केलेल्या कामाचे हे कौतुक तिला बोचत राहिले. म्हणून २० मे १९३२ रोजी ती एकटीच निघाली. वाटेत उंची दाखवणारे यंत्र बंद पडले, पंखांवर बर्फ साचला, इंजिनाच्या धुराड्याच्या भेगेतून ज्वाळा दिसू लागल्या. तरी सुमारे पंधरा तासांनी तिने उत्तर आयर्लंडमधील एका कुरणात विमान उतरवले. एकटीने अटलांटिक ओलांडणारी ती पहिली स्त्री.

तिनेही एक मंडळ उभारायला हात लावला होता, हे आपल्याला विशेष वाटेल. १९२९ साली वैमानिक स्त्रियांची एक संस्था स्थापन झाली. पहिल्या सभासद ९९ होत्या, म्हणून संस्थेचे नावच ‘नाइन्टी-नाइन्स’ पडले. तिची पहिली अध्यक्ष अमेलिया होती.

आता शेवटच्या प्रवासाकडे येते. विषुववृत्ताच्या जवळून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा तिने संकल्प केला. लॉकहीड इलेक्ट्रा हे दोन इंजिनांचे विमान मिळाले. मार्च १९३७ मध्ये पहिला प्रयत्न झाला. त्या वेळी तिच्याबरोबर हॅरी मॅनिंग नावाचे जहाजाचे कप्तान होते. बिनतारी यंत्र आणि मोर्सची कडकट्ट भाषा त्यांना उत्तम येत असे. परंतु होनोलुलू येथे उड्डाण करताना विमानाला अपघात झाला. दुरुस्तीला वेळ लागला आणि मॅनिंग परत गेले. दुसऱ्या खेपेला सोबत राहिले ते फ्रेड नूनन. ताऱ्यांवरून वाट काढण्यात ते निष्णात होते. पण मोर्समध्ये दोघांचीही गती बेताचीच होती.

१ जून १९३७ रोजी दोघे मायामीहून निघाले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मग कराची आणि १७ जूनला कलकत्ता असा प्रवास झाला. आपल्याकडचा पावसाळा सुरू झाला होता. कलकत्त्याहून पुढे अक्याबपर्यंत गेल्यावर पावसाने त्यांना एकदा मागे फिरवले. पण सुमारे २२,००० मैल मागे टाकून २९ जूनला ती न्यू गिनीतील लाए या गावी पोहोचली. आता केवळ पॅसिफिक महासागर उरला होता.

पुढचा मुक्काम होता हाउलंड बेटावर. लाएपासून हे बेट २,५५६ मैल दूर. लांबी सुमारे दीड मैल, रुंदी अर्धा मैल, आणि उंची इतकी कमी की लाटांच्या सावल्यांत ते दिसूही नये. ताऱ्यांवरून बेटाच्या आसपास येता येई, पण शेवटचे काही मैल बिनतारी यंत्रावरच भिस्त होती. त्यासाठी अमेरिकेचे ‘इटास्का’ हे जहाज बेटापाशी येऊन थांबले होते.

हे यंत्र कसे चाले ते थोडक्यात सांगते. वैमानिकाच्या पुढ्यातील छोट्या पेटीवर लहरींचा पट्टा निवडण्याची एक कळ आणि स्टेशन बारकाईने जुळवण्याची एक मूठ असे. आपल्या जुन्या रेडिओसारखेच हे काम, फक्त इंजिनांच्या गडगडाटात करायचे. डोक्यावर विमानाबाहेर तारेचे एक वेटोळे होते. ते हाताने फिरवले की आलेला आवाज कमीजास्त होई. जेथे आवाज अगदी क्षीण होईल, तेथे वेटोळ्याच्या ठेवणीवरून जहाज कोणत्या रेषेत आहे ते कळे. पण हे साधते कमी किलोसायकलच्या लहरींवर. वरच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन येतात, आणि वेटोळे कसेही फिरवले तरी आवाज क्षीण होत नाही.

संदेश पाठवण्यासाठी तिच्याजवळ तीनच लहरी होत्या: रात्री ३१०५ किलोसायकल, दिवसा ६२१०, आणि तिसरी ५००. त्या काळी जहाजे दिशा शोधत ती याच तिसरीवर. पण तिच्यासाठी विमानामागे लांब तार सोडावी लागते, आणि ती तार मायामीलाच काढून टाकण्यात आली होती. लाए येथे दिशा शोधण्याची चाचणी घेतली, तीही साधली नाही. स्टेशन फार जवळ असल्यामुळे असे झाले असावे, असे मानून तो विषय तेथेच सोडण्यात आला.

२ जुलैला सकाळी दहा वाजता तिने लाए सोडले. रात्र उलटली. वाटेत तारखेची रेषा ओलांडल्यामुळे हाउलंडवर पुन्हा २ जुलैचीच सकाळ उजाडली. जहाजाच्या घड्याळात ७ वाजून ४२ मिनिटांनी तिचा आवाज आला. आपण तुमच्यावरच असायला हवे, पण तुम्ही दिसत नाही, पेट्रोल संपत आले आहे, अशा आशयाचे ती बोलली. आवाज इतका जवळचा होता की जहाजावरील माणसे विमान पाहायला बाहेर आली. जहाज तिला उत्तर देत होते. तिला काही ऐकू जात नव्हते. मग तिने ७५०० किलोसायकलवर खूण पाठवण्यास सांगितले. जहाजाने ती पाठवली आणि तिला ती मिळाली! पण ७५०० ही वेटोळ्याला न पेलणारी लहर. दिशा काही लागली नाही. पूर्वी रेडिओच्या तबकडीवर किलोसायकल आणि मीटर असे दोन्ही आकडे असत, हे अनेकींना आठवत असेल. मीटरचे किलोसायकल करताना ७५० च्या जागी ७५०० झाले असावे, असा काही जाणकारांचा तर्क आहे. ७५० वर वेटोळे कामी आले असते. एका शून्याचा फरक!

८ वाजून ४३ मिनिटांनी आपण कोणत्या रेषेवर उडत आहोत ते तिने कळवले आणि आता ६२१० वर बोलते, असे सांगितले. ६२१० वर जहाजाला तिचा आवाज पुन्हा आला नाही. १९ जुलैपर्यंत जहाजे आणि विमाने समुद्र धुंडाळत होती. ती दोघे सापडली नाहीत, आणि त्यांच्या विमानाचाही निश्चित माग आजवर लागलेला नाही.

बाईमाणसाने यंत्राच्या वाटेला जाऊ नये, असा अर्थ यातून कोणी काढील तर तो मोठा अन्याय होईल. नूनन पुरुष होते, जहाजावरचेही सारे पुरुषच होते, आणि मोर्स येत नसलेल्या विमानाला ते मोर्समध्ये हाका मारीत राहिले. धाडस कोणाचेच कमी पडले नाही. कमी पडला तो सराव, आणि कोणी कोणत्या लहरीवर बोलायचे याचा आधी नीट केलेला ठराव.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवण्यासाठी सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी मध्यरात्री यजमानांच्या छातीत दुखू लागले. मुलाने दिलेला मोबाइल उशाशीच होता. तो कसा लावायचा हे त्याने दोनदा दाखवले होते आणि मी दोन्ही वेळा, हो, कळले, म्हणाले होते. स्वतः हात लावून एकदाही पाहिले नव्हते. त्या रात्री माझी बोटे थरथरत होती आणि फोनचे कुलूप उघडेना. शेवटी शेजाऱ्यांचे दार ठोठावले, ते धावून आले, म्हणून निभावले. यजमान आज बरे आहेत.

तेव्हापासून आपल्या मंडळात महिन्यातून एकदा आम्ही आठदहाजणी बसतो. फोन उघडणे, ११२ कसा लावायचा ते समजून घेणे, आपला पत्ता नीट सांगणे, गॅसचे रेग्युलेटर काढणे हे सारे प्रत्येकीने आपल्या हाताने करून दाखवायचे. नुसते ‘कळले’ म्हटलेले चालत नाही. पुढच्या बैठकीला आपणही यावे, ही विनंती. येताना आपापला फोन आणायला विसरू नये.