रमाईंच्या तीस पुड्या

माता रमाईंची जयंती असो वा स्मृतिदिन, आपल्या विहारातल्या भाषणांत एक शब्द हमखास येतो: त्यागमूर्ती. शब्द खोटा नाही, पण त्याखाली एक गोष्ट झाकली जाते. रमाईंनी ज्या वर्षांत घर चालवले, ती मुंबईतल्या भयंकर महागाईची वर्षे होती. त्या महागाईत त्यांनी रोज काय केले, कुठे कात्री लावली आणि ती शेवटी कोणाच्या पोटाला लागली, हे आपण क्वचितच विचारतो. समाजशास्त्र शिकताना कुटुंबाचा जमाखर्च वाचायला शिकवतात. रमाईंचे आयुष्यही तसे एकदा वाचून पाहायला हवे.

रमाईंचा जन्म १८९८ सालचा, दापोलीजवळच्या वणंद गावातला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहण्याचे काम करीत. म्हणजे रोजचे काम, रोजचा पैसा; काम नाही त्या दिवशी चूल थंड. आई रुक्मिणी आणि मग वडीलही लवकर गेले. पोरकी भावंडे नातेवाइकांच्या आधाराने मुंबईला आली. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दिवसाची गर्दी ओसरल्यावर रात्री, त्यांचे भीमरावांशी लग्न लागले. रमाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या होत्या.

रामजी सुभेदारांच्या निवृत्तिवेतनावर ते घर चालत होते. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार वारले आणि तो आधार तुटला. त्याच वर्षी बाबासाहेब बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परळच्या पोयबावाडीतली बी. आय. टी. चाळ, दुसरा मजला, खोल्या क्रमांक ५० आणि ५१. तिथे रमाई, लहानगा यशवंत आणि सासरची माणसे. पुढे दीर आनंदराव वारल्यावर जाऊबाई लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांचा भारही याच चुलीवर आला. खाणारी तोंडे वाढत गेली, मिळकत नाही.

आता त्या वर्षांची मुंबई बघा. १९१४ ला महायुद्ध सुरू झाले आणि धान्य, कापड, घासलेट सारे महागत गेले. घरमालक भाडी वाढवू लागले म्हणून सरकारला १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला आणि पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची साथ आली. जानेवारी १९१९ मध्ये लाखावर गिरणी कामगार संपावर गेले, त्यामागे मुख्य कारण पगारात पोट भरेना हेच होते. १९१४ चा जुलै शंभर धरला, तर १९२० च्या अखेरीस मुंबईच्या कामगार कुटुंबाचा जगण्याचा खर्च जवळजवळ दुप्पट झाला होता. सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. मिळकतीचा निम्म्याहून जास्त भाग नुसत्या खाण्यावर जात होता, आणि निम्म्याच्या आसपास कुटुंबे कर्जात होती. रुपयामागे महिन्याला एक आणा व्याज ही तेव्हाची सर्रास रीत. वर्षाचा हिशेब केला तर ते ७५ टक्के होते.

हे समोर ठेवले की रमाईंच्या पुड्यांची आठवण वेगळी दिसू लागते. नोव्हेंबर १९१८ पासून बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापक झाले. पगार चांगला होता, पण अर्धवट राहिलेल्या शिक्षणासाठी पुन्हा लंडनला जायचे म्हणून त्यातला मोठा वाटा बाजूला पडे. घरखर्चाला ठरावीक रक्कम मिळे. रमाई म्हणे त्या पैशांच्या तीस पुड्या बांधून ठेवीत. एका दिवसाला एक पुडी. आजची पुडी संपली तर उद्याचीला हात लावायचा नाही. त्यातूनही दुखण्याखुपण्यासाठी चार पैसे मागे ठेवायचे.

यात भोळेपणा शोधू नये. पैसा महिन्याला एकदा येतो आणि भूक रोज लागते, या दोहोंमधल्या फटीतच वाण्याची उधारी आणि सावकार शिरतो. चाळीतल्या निम्म्या घरांना त्या फटीने गिळले होते. शाळेची पायरी न चढलेल्या बाईने ती फट सुतळीने आणि कागदाने बुजवली. मला तरी याला आर्थिक नियोजनच म्हणावेसे वाटते. आज बचत गटांच्या प्रशिक्षणात हेच आम्ही फळ्यावर शिकवतो आणि त्याला मोठे नाव देतो.

खरी परीक्षा जुलै १९२० नंतरची. बाबासाहेब लंडनला गेले ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर. तिकडे तेही अर्धपोटी राहून वाचत होते. इकडे पुडी बांधायलाही धड पैसे उरले नाहीत. मग रमाईंनी जे केले ते गाण्यांतून आपल्याला ठाऊक आहे. सरपण विकत घेणे परवडेना म्हणून शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या. हे काम त्या पहाटे किंवा अंधार पडल्यावर करीत असे सांगतात, कारण परदेशात शिकणाऱ्या साहेबांची बायको शेण वेचते हे लोकांनी पाहिले तर नाव साहेबांचे खराब होईल. नवऱ्याच्या शिक्षणाची अब्रू राखण्याची किंमत त्यांनी झोप देऊन भरली. गरिबीत इज्जत सांभाळायलाही खर्च येतो, तो कुठल्याच सरकारी तपासणीत पकडला जात नाही. शेजाऱ्यांनी, समाजातल्या माणसांनी मदत देऊ केली तर ती त्या नाकारीत, अशाही आठवणी आहेत.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती पाहिल्याशिवाय काटकसरीचे कौतुक करणे मला प्रामाणिक वाटत नाही. धान्य कमी झाले की कोण कमी जेवते? घरातली बाई, सगळ्यांच्या शेवटी. आणि पोरे आजारी पडली की? रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेली. राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त तान्ही बाळे वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ जन्म गावाकडे होत असल्याने हा आकडा फुगलेला असेल, तरी त्यातले बहुतेक मृत्यू एका खोलीत राहणाऱ्या घरांतले होते. रमाईंचे दुःख त्यांचे एकटीचे होते, पण त्यामागचे कारण अख्ख्या परळचे होते. त्याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही.

याच वर्षांत लंडनमध्ये बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते. १९२३ साली तो ग्रंथरूपाने आला. परदेशी हुंडणावळीत रुपया किती पेन्सांचा, यापेक्षा तो देशात किती वस्तू विकत घेऊ शकतो हे महत्त्वाचे, आणि किमती स्थिर राहिल्या पाहिजेत, असा त्याचा रोख आहे. आमच्या अभ्यासकांनी त्या ग्रंथावर बरेच लिहिले. रुपयाची खरेदीशक्ती घटते म्हणजे काय, हे त्या वेळी पोयबावाडीत रोज अनुभवणारी बाई मात्र त्या लेखांत कधी येत नाही.

मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे गॅस सिलिंडर महागला की आधी भाजी जाते, मग दूध, मग बाईचे औषध. रक्तदाबाची गोळी दिवसाआड घेणाऱ्या किती जणी भेटतात. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता मात्र चुकत नाही. त्यांना कोणी रमाईचे उदाहरण देऊन सहन करायला सांगू लागले की मला राग येतो. रमाईंनी सहन केले ते एक माणूस शिकून परत यावा म्हणून; रेशन, दवाखाना, मजुरीचे दर मागायचे सोडून द्यावे म्हणून नव्हे.

त्यांच्या हाताची दुसरी सवयही सांगायला हवी. बाबासाहेब एप्रिल १९२३ मध्ये परतले, वकिली सुरू झाली, घरात थोडे सोने आले. पुढे एकदा हवापालटासाठी रमाई धारवाडला वराळे यांच्याकडे राहिल्या. तिथल्या वसतिगृहातली मुले अनुदान थकल्यामुळे उपाशी आहेत हे कळताच त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि धान्य आणायला लावले, ही आठवण समाजात सांगितली जाते. स्वतःसाठी मदत न घेणारी बाई दुसऱ्याच्या पोरांसाठी आपली एकुलती एक ठेव मोडते, तेव्हा तिचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा?

चाळ सोडून दादरच्या राजगृहात ती मंडळी आली तोवर रमाईंची तब्येत पार ढासळली होती. नव्या घरात त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय जेमतेम सदतीस. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला, तो त्यांनी रामूला अर्पण केला आहे. तिचे निर्मळ मन आणि शील यांची कृतज्ञ नोंद करून, कोणी मित्र उरला नव्हता अशा तंगीच्या आणि काळजीच्या दिवसांत ती आपल्याबरोबर सोसायला तयार राहिली, हे त्यांनी तिथे आवर्जून लिहून ठेवले आहे.