१४९ कवट्या मोजून इरावती कर्वेंनी थेट आपल्या जर्मन गाइडचाच सिद्धांत खोटा ठरवला होता

इरावती कर्वे म्हटलं की ‘युगान्त’ आठवतं. फार तर पुण्यात नऊवारीच्या जमान्यात स्कूटर चालवणाऱ्या बाई, एवढं लोकांना ठाऊक असतं. पण त्याच्या खूप आधी, पंचविशीच्या आतबाहेर असताना, या बाई बर्लिनमध्ये माणसांच्या कवट्या मोजत होत्या. एक-दोन नाही, १४९.

त्यांचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव पडलं. सातव्या वर्षी शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेत. पुढे रँग्लर परांजपेंच्या घरी वाढल्या, फर्ग्युसनमधून बी.ए. झाल्या, मुंबईत घुर्येंकडे समाजशास्त्र शिकल्या. लग्न झालं दिनकर कर्वेंशी, म्हणजे महर्षी कर्वेंच्या मुलाशी.

आता गंमत बघा. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेल्या महर्षींना सुनेचं जर्मनीला जाणं काही पटलं नाही. दिनकररावांनी मात्र पाठिंबा दिला. जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं आणि इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

तिथे त्यांचे गाइड होते ऑयगेन फिशर. वंशशास्त्रातलं मोठं नाव. त्यांचं म्हणणं असं होतं की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, म्हणून त्याची कवटी एका बाजूला जास्त भरलेली असते आणि म्हणूनच तो जास्त तर्कबुद्धीचा असतो. हे मोजून सिद्ध करायचं काम इरावतीबाईंकडे आलं.

इथे कपाळाच्या हाडाबद्दल थोडं समजून घ्यायला हवं. हे हाड आईच्या पोटात साधारण आठव्या आठवड्यापासून घडू लागतं आणि तेही दोन तुकड्यांत, एक डावा, एक उजवा. जन्मल्यावरही दोघांमध्ये शिवण असते. आजी बाळाच्या ज्या टाळूवर तेल घालते ती म्हणजे कपाळाचे हे दोन तुकडे आणि त्यांच्या मागची दोन हाडं यांच्यामधली मोकळी जागा. टाळू साधारण दीड वर्षाच्या आसपास भरते. कपाळावरची शिवण बहुतेकांची पहिल्या एक-दोन वर्षांत बुजते, काहींची जन्मभर तशीच राहते. आत मेंदू वाढत असतो आणि त्याच्या दाबाने हाडं पसरत जातात. दोन्ही बाजू स्वतंत्र वाढल्यावर त्या तंतोतंत सारख्या कशा होतील? थोडा फरक प्रत्येकात असतो.

इरावतीबाईंना मोजमापात हेच दिसलं. त्यांच्यासमोर युरोपातल्या कवट्या होत्या, तशा जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्याही होत्या. डाव्या-उजव्यातला फरक सगळीकडे होता, पण त्याचा वंशाशी काही संबंध लागेना. प्रबंधाच्या नावातच त्यांनी या असमानतेला ‘नॉर्मल’ म्हटलं.

परदेशी विद्यार्थिनी, डोक्यावर कर्ज आणि निष्कर्ष गाइडच्या विरोधात. आकडे थोडे इकडेतिकडे करणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. फिशरनी डॉक्टरेट दिली, पण सगळ्यात खालच्या श्रेणीत. हेच फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांचं वंशशास्त्र नाझींच्या कामी आलं.

इरावतीबाई पुण्यात परतल्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या. सांकळियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननात सापडलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांवर काम केलं.

बर्लिनची मोजपट्टी मात्र त्यांनी टाकून दिली नाही. महाराष्ट्रभर हिंडून वेगवेगळ्या जातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजत राहिल्या. ज्या शास्त्राचा दावा स्वतः मोडला त्याचंच हत्यार पुढे का वापरलं, अशी टीका त्यांच्यावर होते आणि ती अगदीच गैरलागू नाही. फरक इतकाच की त्यांना कोणाला वर-खाली लावायचं नव्हतं; जात बनते कशी, हे शोधायचं होतं. १९६८ मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रांबरोबर महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची अशी तुलना छापली. एकाच नावाखाली मोडणारे हे गट शरीराच्या मोजमापांत एकसारखे नव्हते. एका जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या हे गुरू घुर्येंचं मत. इरावतीबाईंचं म्हणणं उलट होतं, मुळात वेगळे असलेले गट एका नावाखाली आले. म्हणजे दुसऱ्या गुरूशीही मतभेद झालाच. दोन वर्षांनी, ११ ऑगस्ट १९७० ला, पुण्यात त्यांचं निधन झालं.