कर्मवीर दादासाहेब गायकवाड : मंदिराच्या दारापासून गायरानाच्या बांधापर्यंत

नाशिकच्या रामकुंडावरून वाहणारी गोदावरी पैठण ओलांडून आपल्या परभणी जिल्ह्यात प्रवेश करते आणि गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या शिवारांना स्पर्श करीत नांदेडकडे जाते. याच नदीच्या वरच्या खोऱ्यात जन्मलेल्या एका पुरुषाने आपल्या चळवळीचा प्रारंभ रामकुंडाजवळच्या मंदिराच्या दारात केला. तीस वर्षांनी त्याचा लढा मराठवाड्यातील पडीक गायरानांपर्यंत येऊन पोहोचला. भाऊराव कृष्णराव गायकवाड हे त्यांचे नाव. लोकांनी त्यांना आदराने कर्मवीर दादासाहेब म्हटले.

त्यांची लोकमानसातील प्रतिमा बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते : बाबासाहेबांचे निष्ठावंत सहकारी. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. निष्ठा म्हणजे केवळ मागे चालणे नव्हे, तर नेता गेल्यावर त्याचे अपुरे राहिलेले काम आपल्या खांद्यावर घेणे होय. दादासाहेबांचे खरे मोठेपण या दुसऱ्या अर्थाने पाहावे लागते.

त्यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. खेड्यातील माणसाची भाषा, त्याची भूक आणि त्याचे भय यांचे ज्ञान मात्र त्यांना अनुभवाने मिळाले होते. माणसे जोडण्याचा त्यांचा हातखंडा बाबासाहेबांनी लवकरच ओळखला.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीसपद दादासाहेबांकडे होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले, सत्याग्रही त्या बंद दारांसमोर बसून राहिले. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून संघर्ष पेटला आणि दगडफेक झाली. दादासाहेबांना तुरुंगवासही घडला. बाबासाहेबांना मुंबई, लंडन, दिल्ली अशा अनेक आघाड्या सांभाळाव्या लागत. नाशिकची आघाडी पाच वर्षे जिवंत ठेवण्याचे कष्ट दादासाहेबांचे आणि त्यांच्या स्थानिक सहकाऱ्यांचे होते.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी याच विश्वासू सहकाऱ्याला पत्र लिहून आपली भूमिका स्पष्ट केली. मूर्तिपूजक बनविण्यासाठी हा सत्याग्रह आरंभिलेला नव्हता, दलितांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी हा त्याचा हेतू होता आणि आता आपली शक्ती शिक्षण व राजकारण यांकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय होता. ज्या लढ्यासाठी चार वर्षे झिजलो तो आता थांबवावा, हे ऐकणे कार्यकर्त्याला सोपे नसते. दादासाहेबांनी मात्र ते समजून घेतले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातीलच येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली. मंदिराच्या दारात बसलेली माणसे आता त्या दाराकडे पाठ करून उभी राहिली.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून गेले. हा पक्ष जातीच्या प्रश्नाबरोबरच शेतकरी आणि कामगार यांचे प्रश्न मांडणारा होता. खोती रद्द करण्याचे विधेयक याच काळात आले आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप घडविला. कष्टकऱ्यांच्या प्रश्नावर इतर पक्षांशी हात मिळवावा लागतो आणि तरीही आपला झेंडा वेगळा ठेवता येतो, हा धडा त्या पिढीला याच वर्षांत मिळाला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि अवघ्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. पोरक्या झालेल्या समाजाला सावरण्याचे काम ज्या मोजक्या व्यक्तींवर येऊन पडले, त्यांत दादासाहेब अग्रभागी होते. १९५७ च्या निवडणुकीत ते संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि त्याचे एक प्रमुख नेते म्हणून ते देशाला परिचित झाले.

येथूनच त्यांच्या प्रतिमेविषयी वाद सुरू झाला. समितीत कम्युनिस्ट, समाजवादी आणि शेतकरी कामगार पक्ष हे त्यांचे सहप्रवासी होते. बाबासाहेबांनी अखेरच्या काळात बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून हिंसेचा व हुकूमशाहीचा मार्ग नाकारला होता. मग दादासाहेब डाव्यांच्या इतके जवळ का जातात, असा प्रश्न पक्षातील सुशिक्षित तरुण विचारू लागले. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे, बी. सी. कांबळे यांच्यासारखे कायद्याचे जाणकार पक्षात होते. घटनेच्या चौकटीत राहून काम करावे की रस्त्यावर उतरावे, या प्रश्नावर मतभेद वाढले. अखेर कांबळे यांचा गट वेगळा झाला. त्याला दुरुस्त हे नाव पडले आणि दादासाहेबांच्या गटाला लोक नादुरुस्त म्हणू लागले.

या उपहासाला दादासाहेबांनी दिलेले उत्तर म्हणजे भूमिहीनांचा सत्याग्रह. खेड्यातील भूमिहीनांसाठी आपल्या हातून पुरेसे झाले नाही, ही खंत बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी व्यक्त केली होती. दादासाहेबांनी ती आज्ञा मानली.

आपल्या भागातील परिस्थिती या प्रश्नाची निकड सांगते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तेथे १९५० च्या कूळ कायद्याने संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली. परंतु जो मुळात कूळच नव्हता, जो सालगडी होता, रोजंदारीवर राबत होता किंवा बलुत्याच्या धान्यावर जगत होता, त्याच्या वाट्याला त्या कायद्याने काहीच आले नाही. गावाची सरकारी गायराने आणि पडीक जमिनी एवढीच त्याची आशा होती. १९५३ सालीही मराठवाड्यात अशा जमिनींसाठी सत्याग्रह झाला होता. १९५९ मध्ये दादासाहेबांनी तो प्रश्न मराठवाडा, खानदेश, नाशिक आणि नगर या भागांत एकाच वेळी पेटविला. हजारो माणसे तुरुंगात गेली.

त्याहून मोठा लढा ६ डिसेंबर १९६४ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, देशाच्या अनेक राज्यांत सुरू झाला. दादासाहेब तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. पडीक जमीन भूमिहीनांना द्यावी, शेतमजुरांना किमान वेतन मिळावे, गरिबांना स्वस्त धान्य मिळावे, बौद्धांना सवलती मिळाव्यात आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, अशा मागण्या होत्या. लाखो सत्याग्रहींनी अटक करवून घेतली. नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्यासारख्या कार्यकर्त्या आणि खेड्यापाड्यांतील स्त्रियाही तुरुंगात गेल्या. अखेर पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारला वाटाघाटी करून मागण्यांची दखल घ्यावी लागली.

यानंतर त्यांच्यावर उलटा आरोप आला. १९६७ च्या सुमारास त्यांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. काल ज्यांना डाव्यांचे म्हटले गेले, त्यांना आता सत्तेचे म्हटले गेले. पक्ष पुन्हा दुभंगला आणि त्या फुटीची झळ पुढच्या पिढ्यांनाही सोसावी लागली. कृतज्ञतेपोटी आपण ही बाजू झाकून ठेवू नये. सत्तेबरोबर गेल्याने गावातील दुबळ्या माणसाला काही पदरात पडेल, हा त्यांचा हिशेब असावा. परंतु लढ्याच्या काळात पक्षाला जो दरारा होता, तो समझोत्याच्या काळात टिकला नाही. मात्र दोन्ही आरोपांच्या मधली एक गोष्ट कायम राहिली. ते ज्या माणसाच्या बाजूने बोलत होते, तो बदलला नाही. तो भूमिहीनच होता.

१९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागण्यांपैकी काहींची पूर्तता पाहायला ते उरले नव्हते. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले ते १९९० साली. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राच्या पातळीवर मिळाल्या, त्याही त्याच वर्षी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील पात्र अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने १९९१ मध्ये घेतला. आज त्यांच्याच नावाच्या सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. तरीही मराठवाड्यात गायरान कसणारी अनेक कुटुंबे अजून सातबाऱ्यावर आपले नाव लागण्याची वाट पाहत आहेत.

वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या मुलामुलींपैकी आज कोणी शिक्षक आहे, कोणी अभियंता, कोणी अधिकारी. पदवी नसलेल्या एका माणसाने पदवीधरांच्या पिढीसाठी आणि त्याहून अधिक त्यांच्या गावात मागे राहिलेल्या माणसांसाठी तुरुंगाची वाट धरली होती, याचे विस्मरण आपल्याला होऊ नये. दादासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. सुट्टीत गावी गेल्यावर एखाद्या गायरानधारकाचा अर्ज लिहून देणे, त्याच्याबरोबर तहसील कार्यालयाची पायरी चढणे, हे त्यांच्या स्मृतीला अधिक साजेसे अभिवादन ठरेल.